रोजगार हमी, सत्तरी (गोवा): पाचपैकी साडेतीन तारे
२०२४च्या मे महिन्यात वाड्यावरच्या आम्ही नऊ बायकांनी व्हाळाचा (ओढ्याचा) गाळ काढला. रोजचे ३५६ रुपये, बाप्यांनाही तेवढेच! नाहीतर कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) कामाला गेलं की बाईचा हात कायम स्वस्त. पैसे थेट माझ्या खात्यात आले, नवऱ्याला न विचारता शिलाई मशीन घेतलं (त्याचं तोंड अजून वाकडंच आहे).

पण मजुरी कायद्याने १५ दिवसांत मिळायची, ती आली सात आठवड्यांनी. तेव्हाचा नियम असा, की बायकांसोबत पाच लहान पोरं कामावर असली तर सांभाळायला एक बाई नेमायची, तिलाही मजुरी. आमची सहा होती. आंब्याखाली सासूबाईंनीच राखली, फुकट. तेव्हाच्या हमीच्या १०० दिवसांपैकी भरले एकवीस. आणि ऐन काजूच्या हंगामात काम काढू नका हो, बोंडू (काजूची फळं) कोण वेचणार?