‘रन’ शब्दावर घासून बघितलेला ऑक्सफर्ड लर्नर्स कोश

खिशात मावणाऱ्या इंग्रजी-मराठी कोशात ‘रन’ काढला तर धावणे, पळणे, चालवणे, वाहणे एवढं मिळतं आणि नोंद संपते. तेवढ्यावर ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’ वाचणारा मुलगा साखरेला धावबाद करून मोकळा होतो. मराठी माध्यमातून एसएसएलसीला (कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला) बसणाऱ्यांनी म्हणूनच ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ जवळ ठेवावी. ए. एस. हॉर्नबी यांनी हा कोश इंग्रजी परकी असलेल्यांसाठीच रचला. ऑक्सफर्डने तो 1948 साली काढला. ऑक्सफर्डच्याच थोरल्या कोशाच्या संपादकांनी ‘रन’ या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजलेत. इथे त्यातले रोजच्या वापरातलेच घेतलेत, तरी नोंद लांबलचक आहे.

बहुतेकांची गाडी अडते ती इथेच. पहिला अर्थ वाचून कोश मिटू नये. आधी वाक्यात ‘रन’च्या मागेपुढे काय आहे ते बघायचं. पुढे ‘आउट’, ‘इनटू’, ‘ओव्हर’ असं काही असेल तर थेट नोंदीच्या शेवटी जायचं. तिथे या जोड्या वर्णक्रमाने लावल्यात. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे, ‘रन इनटू’ म्हणजे अवचित गाठ पडणे किंवा धडकणे. जोडी नसेल तर कर्म आहे का बघा. चौकटी कंसातला ‘टी’ म्हणजे सकर्मक, ‘आय’ म्हणजे अकर्मक. ‘शी रन्स अ शॉप’ सकर्मक, म्हणून दुकान चालवते. ‘द बस रन्स एव्हरी अवर’ अकर्मक, म्हणजे दर तासाला गाडी आहे. साडी धुताना रंग सुटतो, नळ वाहतो, नाक गळतं, सगळीकडे हेच क्रियापद.

‘इन द लाँग रन’ मात्र ‘रन’खाली शोधत बसू नका. वाक्प्रचार त्यातल्या पहिल्या मुख्य शब्दाखाली देतात, म्हणून तो ‘लाँग’मध्ये बघायचा. प्रस्तावनेतली दोन पानं वाचली असती तर हे कळलं असतं, पण ती कोण वाचतो!

उणीव एकच, पण मोठी: मराठी अर्थ नाही. व्याख्या सोप्या, साधारण 3000 शब्दांच्या आवाक्यातल्या आहेत, तरी सातवी-आठवीच्या मुलाला जड जातील. त्याला आधी छोटा द्विभाषिक कोशच बरा. बेळगावातल्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत कामाला लागलेल्यांनीही यावर विसंबू नये. साच्यात वितळलेल्या धातूचा रस नेणारा ‘रनर’ किंवा रस मध्येच थिजून अर्धवट राहिलेलं ‘मिसरन’ कास्टिंग हे ओतकामाच्या पुस्तकातच नीट समजतं.

जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्या, ‘रन’ काही फारसा बदललेला नाही. फक्त घेण्याआधी उच्चारचिन्हं स्पष्ट छापलीत का ते बघा; नकली प्रतीत आधी तीच पुसट होतात. उच्चार ऐकायचा असेल तर ऑक्सफर्डच्या संकेतस्थळावर ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही फुकट ऐकता येतात.