घरच्या पडद्यावर 'रिंग': बायरॉइट की मेट्रोपॉलिटन?

जर्मन संगीतकार वाग्नरची 'रिंग' ही चार ऑपेरांची, सुमारे १५ तासांची मालिका प्रथमच घरी पाहू इच्छिणाऱ्या एका स्नेह्यांपुढे दोन चित्रणे आहेत: पॅट्रिस शेरो यांनी १९७६ साली जर्मनीतील बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात बसवलेला प्रयोग आणि ऑटो शेंक यांचा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहातील प्रयोग. दोन्हींचे चित्रण-दिग्दर्शन ब्रायन लार्ज यांचेच असल्याने तुलना न्याय्य ठरते.

शेरो ऱ्हाइन नदीवर धरण उभे करतात आणि देवांना औद्योगिक युगातील मालकवर्गाच्या रूपात दाखवतात. १९७९-८० मध्ये प्रेक्षकांविना चित्रण झाल्यामुळे कॅमेरा चेहऱ्यांच्या अगदी जवळ जातो. देवांचा प्रमुख वोटान आपल्या मुलीचा निरोप घेतो त्या प्रवेशात डोनाल्ड मॅकिन्टायर आणि ग्वेनेथ जोन्स यांचा अभिनय ज्या ताकदीने पोहोचतो, तशी ताकद मला इतर चित्रणांत क्वचितच आढळली आहे.

गायनात मात्र मेट्रोपॉलिटन सरस आहे. जेम्स मॉरिस यांचा वोटान अधिक भरदार आहे, आणि नायक सीगफ्रीडच्या भूमिकेत गायक सीगफ्रीड येरुझालेम हे बायरॉइटच्या मान्फ्रेड युंग यांच्याहून निश्चितच सुरेल वाटतात. शेंक यांची मांडणी संहितेबरहुकूम असली, तरी मंद प्रकाशामुळे छोट्या पडद्यावर तिचे तपशील हरवतात.

कथानक आधी नीट समजून घ्यायचे असेल तर शेंक यांचे चित्रण घ्यावे. कथानक ठाऊक असून नाट्याचा अर्थ तपासायचा असेल तर शेरो यांचे.