टिळकवाडीत आईच्या डोळ्याची सोनोग्राफी केली, त्याबद्दल

डोळ्यातला कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची कडेची वाट, अरुंद आहे असं ज्यांना डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांनी ही तपासणी पुढं ढकलू नये. यूबीएम म्हणतात तिला. साध्या भाषेत डोळ्याच्या पुढच्या भागाची सोनोग्राफी.

आम्ही बेळगावातल्या शहापूरचे. आई ब्लाउज शिवते, दिवेलागणीनंतरही मशीनवर मान खाली घालून बसलेली असते. अंधार पडला की तिचं कपाळ ठणकायचं, बल्बभोवती रंगीत कडं दिसायचं. आधी एका ठिकाणी दाखवलं. सकाळची वेळ, डोळ्याचं प्रेशर १७ आलं. १० ते २१ नॉर्मल, म्हणून नवा चष्मा देऊन घरी पाठवलं. मला ते पटलं नाही, कारण आजीची नजर काचबिंदूनंच गेली होती.

टिळकवाडीतल्या डॉक्टरांनी आधी डोळ्यावर भिंग ठेवून कोन तपासला, मग यूबीएम सांगितलं. आईला आडवं झोपवलं, बधिर करणारे थेंब घातले, पापण्यांमध्ये प्लॅस्टिकची छोटी वाटी बसवून तिच्यात सलाईन ओतलं आणि त्यात प्रोब धरला. दुखलं नाही. गार लागलं, दाब जाणवला, थोडं पाणी कानापर्यंत ओघळलं. प्रोब धरणारी मुलगी मराठीत बोलत होती, "काकू, छताकडं बघा, आता माझ्याकडं," आणि आई घाबरू नये म्हणून प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होती. याचं मला फार कौतुक वाटलं.

स्क्रीन त्यांनी माझ्याकडं वळवली. लाइट चालू असताना बुबुळाचा रंगीत पडदा पुढं फुगलेला, पण कडेला बारीक फट होती. लाइट बंद केली आणि बघता बघता पडदा कडेला टेकला, फट बुजली! डोळ्यातलं पाणी तिथूनच बाहेर जातं. अंधारात बाहुली मोठी होते, पडदा कडेला गोळा होतो, वाट अडते आणि प्रेशर चढतं. सकाळच्या उजेडात मोजून ते कसं सापडणार?

पडद्याच्या मागचंही यात दिसतं, ही मोठी गोष्ट. काहींचा पडदा मागून ढकलला जातो, त्यांना नुसतं लेसरनं बारीक भोक पाडून पुरत नाही. आईचं तसं नव्हतं. लेसर झालं, नंतरच्या स्कॅनमध्ये पडदा सपाट दिसला. डोळ्यामागची, मेंदूकडं जाणारी नस शाबूत आहे, हे ऐकून मी तिथंच रडले.

मात्र ५० मेगाहर्ट्झच्या या लहरी चार-पाच मिलिमीटरच आत जातात. मागची नस यात दिसत नाही. त्यासाठी ओसीटी (डोळ्याच्या मागच्या थरांचा प्रकाशानं घेतलेला स्कॅन) आणि फील्ड (नजर कडेला कुठवर पोचते ती तपासणी) वेगळं करावं लागतं, आणि कोन उघडा असलेला काचबिंदू त्यातून कळतो.

तक्रार एकच. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत. खानापूरकडच्या एक आजी न वाचताच अंगठा देत होत्या. मराठीतही छापा, एवढी विनंती मी काउंटरवर लिहून दिली आहे.

जाण्याआधी फोन करून वेळ घ्या. डोळा आला असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधीच सांगा, कारण वाटी थेट डोळ्यावर बसते. आणि घरात कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर प्रेशरच्या आकड्यावर थांबू नका, कोन तपासून मागा.