रिंगर आणि खोलीच्या तापमानाचा डेटा: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत लॅबचा द्रव नायट्रोजन संपला आणि पुरवठादार तीन आठवडे ‘उद्या येतोय’ म्हणत राहिला. प्रथिनाचे स्फटिक तयार होते, ते तेवढे दिवस टिकणार नव्हते. मग 100 केल्विनला गोठवण्याचा नाद सोडला. केशनळीत मूळ द्रावणाचा (ज्यात स्फटिक वाढला त्याचा) थेंब, शेजारी स्फटिक, दोन्ही टोकं मेणाने बंद, आणि तसाच खोलीच्या तापमानाला एक्स-किरणांचा डेटा घेतला. अशा डेटात प्रथिनाच्या साइड चेनच्या (अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्यांच्या) लपलेल्या स्थिती शोधणारं रिंगर हे सॉफ्टवेअर तेव्हापासून वापरतोय. स्फटिकांच्या डेटावरून रचना काढणाऱ्या फिनिक्स या पॅकेजसोबतच मिळतं, विद्यापीठांना फुकट.

पहिला महिना वैतागात गेला. इलेक्ट्रॉन घनतेचा मॅप 1 सिग्मावर (सिग्मा म्हणजे मॅपमधल्या चढउताराचं माप) बघायचा आणि त्याखालचं सगळं नॉइज, ही आपली सवय. रिंगर साइड चेन काय-1 (χ1, तिच्या पहिल्या बंधाभोवतीचा वळण-कोन) मध्ये पूर्ण फिरवतं आणि 0.3 सिग्मापर्यंतचे उंचवटे दाखवतं. लायसिन या अमिनो आम्लाच्या एका उंचवट्यात माझे दोन दिवस गेले, शेवटी ते शेजारचं पाणी निघालं. तेव्हा दोनच तारे दिले असते.

मत फिरवलं एका सेरीनने (हेही अमिनो आम्लच). गोठवलेल्या जुन्या डेटात त्याला उणे 60 अंशांवर एकच शिखर. खोलीच्या तापमानाला मात्र अधिक 60 जवळ दुसरं, बुटकं शिखर, आणि दुसऱ्या स्फटिकातही नेमकं तिथेच. नॉइज कुठेही उगवतो. सेरीनला सोयीच्या जागा तीनच, त्यातलीच ही एक. दोन्ही स्थिती मॉडेलमध्ये घातल्या, ऑक्युपन्सी (प्रत्येक स्थितीचा वाटा) 0.68 आणि 0.32 वर थांबली, फरकाच्या मॅपमधला (डेटात आहे पण मॉडेलमध्ये नाही ते दाखवणारा) हिरवा ठिपका गेला.

आर-फ्री, म्हणजे मॉडेल बाजूला ठेवलेल्या डेटाशी किती जुळतं याचा आकडा, जवळजवळ हलला नाही. ‘मग एवढा खटाटोप कशाला?’ असं गटात विचारलं गेलं, त्याचा मला अजून राग आहे. एका ऑक्सिजनने आर-फ्री हलणारच नाही! सायक्लोफिलिन ए हे एन्झाइम आठवा. 2009 मध्ये काही संशोधकांना खोलीच्या तापमानाला त्यातल्या सेरीन-99 ची (साखळीतल्या 99व्या जागेवरच्या सेरीनची) दुसरी स्थिती दिसली, तिथे थ्रिओनीन हे दुसरं अमिनो आम्ल बसवलं तर एन्झाइमच मंदावलं. 2011 मध्ये त्याच मंडळींनी 30 प्रथिनं तपासली: गोठवल्यामुळे 35 टक्क्यांहून जास्त साइड चेनच्या स्थितींचं वाटप बदलतं. आपण वर्षानुवर्षं गोठलेली प्रथिनंच बघत आलोय.

त्रास आहेच. किरणांनी स्फटिक लवकर मरतो, मला एका डेटासेटला तीन लागले. आणि 2 ॲंगस्ट्रॉमपेक्षा विरळ (कमी बारकाव्याच्या) डेटावर रिंगर चालवू नका, फसाल.

नायट्रोजन मार्चमध्ये आला. तरी प्रत्येक खेपेतले चांगले तीन स्फटिक मी केशनळीसाठी बाजूला काढतो.