प्लँटयूएमएल काही महिने वापरल्यावर: चित्र तो काढतो, विचार आपणच करायचा

माउसने चौकोन ओढून डेटा मॉडेल (डेटाबेसमध्ये काय ठेवायचं आणि ते एकमेकांशी कसं जोडलेलं, याचा आराखडा) जुळवायचा कंटाळा आला असेल तर प्लँटयूएमएल हे लिहिलेल्या मजकुरावरून आकृती काढणारं साधन वापरून बघाच. मोफत आहे, ओपन सोर्स आहे आणि आकृती म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. एका वाचनालयाच्या कामात मी ते सतत वापरतोय.

खरा फायदा गिटमध्ये, म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, कळतो. मायएसक्यूएल वर्कबेंच या माउसने डेटाबेस आखायच्या साधनाची मॉडेल फाइल म्हणजे झिप केलेलं गाठोडं, डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलीतला फरक) काहीच वाचता येत नाही. इथे ‘सभासद पुस्तक नेतो’चं ‘सभासद प्रत नेतो’ झालं की रिव्ह्यू करणाऱ्याला नेमकी तीच ओळ दिसते. आमच्याकडे त्यावर चांगलीच जुंपली. पुस्तक म्हणजे शीर्षक आणि लेखक, प्रत म्हणजे कपाटातली वस्तू. सभासद राखून ठेवतो पुस्तक, घरी नेतो प्रत. टेबलाचे कॉलम लिहिण्याआधीच हे ठरायला हवं. पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या ईआर (एंटिटी-रिलेशनशिप, म्हणजे वस्तू आणि त्यांची नाती) मॉडेलचा भर याच पातळीवर होता. वर्कबेंचमध्ये मेनी-टू-मेनी (दोन्ही बाजूंना अनेक) नात्याची रेष ओढली की दोघांना जोडणारं मधलं टेबल लगेच हजर. डेटाबेस उभारताना ते सोयीचं, पण विचार चालू असताना घाईचं. शिवाय इनहेरिटन्स (एक प्रकार दुसऱ्याचाच उपप्रकार असणं) दाखवायला तिथे वेगळी खूण नाही. प्लँटयूएमएलच्या क्लास डायग्राममध्ये (क्लास म्हणजे वस्तूंचे प्रकार, आणि त्यांची नाती दाखवणारी आकृती) ‘बालसभासद हा सभासदच’ हे एका बाणात होतं. मग एकच टेबल करायचं की दोन, ते नंतर बघू.

आता डोकेदुखी. नाव लिहिताना एखादं अक्षर चुकलं तर प्लँटयूएमएल ओरडत नाही, त्या चुकीच्या नावाचा नवा क्लास गुपचूप काढून मोकळा होतो! मांडणी बहुतेक वेळा ग्राफव्हिज या आकृती मांडणाऱ्या प्रोग्रामच्या मर्जीवर. दहा-बारा क्लासपर्यंत ठीक, पुढे रेषांचं जाळं होतं. दिशा सुचवता येते, पण एक रेष सरळ केली की दुसरी वाकडी जाते. मी सरळ विषयवार फाइली वेगळ्या केल्या.

देवनागरी नावं चालतात. मात्र प्लँटयूएमएल ज्यावर चालतं ती जावा १८च्या आधीची असेल आणि विंडोज असेल तर यूटीएफ-८ (फाइलीत अक्षरं साठवायची पद्धत) स्वतः सांगावं लागतं, आणि सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसेल तर चित्रात नुसते चौकोन येतात.

मूळ प्लँटयूएमएल आकृतीवरून एसक्यूएल (डेटाबेसला द्यायच्या आज्ञा) बनवून देत नाही, की डेटाबेसवरून आकृतीही काढत नाही. त्यामुळे चालू डेटाबेसवरून उलटं मॉडेल काढायला वर्कबेंच मी अजून ठेवलंय. आणि क्लायंटचं मॉडेल सार्वजनिक सर्व्हरवर रेंडर करू नका. प्लँटयूएमएलची जार फाइल (जावा प्रोग्रामची फाइल) आपल्याच मशीनवर चालते.