चंद्रनाथ, सावरी की वाघेरी? कडा बघून पाय लटपटणाऱ्यांसाठी

ग्रुपवर मेसेज येतो: रविवारी डोंगर, सकाळी साडेपाचला फोंडा बसस्टँड, नाश्ता घरून. हात वर करणारे भराभर हात वर करतात आणि आपण फोन उलटा ठेवतो. चालायचा कंटाळा नसतो, दम लागायचीही काळजी नसते. वाटेच्या एका बाजूला जमीन संपली की गुडघ्यातलं बळ जातं, एवढंच. मी यातलीच. तरी गेली काही वर्षं गोव्यातल्या डोंगरांवर जाते आहे आणि कुठे जावं, कुठे नको याबद्दल माझी काही ठाम मतं झाली आहेत.

पहिलं मत: डोंगराची उंची विचारू नका. सत्तरी तालुक्यातला सोसोगड हा गोव्यातला सर्वांत उंच डोंगर, 1000 मीटरच्या थोडा वर. आकडा ऐकून आपण तिथेच माघार घेतो. पण भीती त्या आकड्याची नसते. वाटेची रुंदी किती, दरी कुठल्या बाजूला, मध्ये झाडं आहेत की नुसतं गवत, यावर सगळं ठरतं. उभं असताना आपलं शरीर सतत किंचित डुलत असतं. डोळे जवळच्या स्थिर वस्तूंवरून ते डुलणं पकडतात आणि स्नायू तोल सावरतात. समोर दहा-वीस मीटरपर्यंत धरायला काहीच नसलं की डोळ्यांना आधार मिळत नाही, शरीर जास्त डुलतं आणि आपल्याला वाटतं, दरी ओढतेय. म्हणून त्याच उताराला दाट झाडी असेल तर आपण गप्पा मारत जातो आणि गवताळ असेल तर बसकण मारतो.

आता तीन ठिकाणं.

पारोड्याचा चंद्रनाथ सर्वांत सोपा. मडगावहून केप्याला जाताना लागतो. डांबरी रस्ता जवळजवळ वरपर्यंत जातो, शेवटी पायऱ्या, वर चंद्रेश्वर-भूतनाथाचं देऊळ. उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, पण वरून सासष्टी तालुक्याचा सखल भाग आणि पलीकडे समुद्र दिसतो, म्हणजे उंचीचा अनुभव पुरेपूर मिळतो. इथली खरी सोय परतीची आहे. ग्रुपमधली एखादी गाडी वर नेऊन ठेवायची. उतरताना तोंड दरीकडे असतं आणि भीती चढण्यापेक्षा उतरताना दुप्पट होते, हे ज्याला ही भीती आहे त्याला ठाऊक. ‘नाहीच जमलं तर गाडीत बसेन’ एवढ्या विचारानेच बऱ्याचदा जमतं. तोटा म्हणाल तर मुरलेले ट्रेकर याला ट्रेक म्हणत नाहीत. म्हणू देत. पावसाळ्यात मात्र खाली पारोड्याला रस्त्यावर पाणी चढतं, तेव्हा आधी चौकशी करा.

नेत्रावळीची सावरी वेगळी. अभयारण्यातून, झाडीतून, दगडांवर पाय ठेवत धबधब्यापाशी जायचं. दरीची भीती इथे फारशी डोकं वर काढत नाही, कारण नजर खोडांना आणि वेलींना अडते. पण हिला ‘सोपी’ म्हणून पुढे करणारे अर्धवट सांगतात. इथली भीती पायाखालची आहे. शेवाळलेला दगड, व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, वाढलेलं पाणी. कड्याला भिणारा माणूस दगडावर घसरला की त्याचा उरलेला आत्मविश्वासही जातो. पावसाच्या भरात जाऊच नये. वनखातं धबधब्यांवर बंदी घालतं तेव्हा तर नाहीच. दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर जावं. नवशिक्यांच्या मोठ्या ग्रुपबरोबर जायचं असेल तर तिघांत माझी पसंती सावरीला, कारण इथे मागे राहिलात तरी कुणाचा खोळंबा होत नाही.

आणि वाघेरी. सत्तरीत, म्हादई अभयारण्यात. ज्यांना भीती नाही त्यांच्यासाठी गोव्यातला सुंदर डोंगर, यात वाद नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही तीस-पस्तीस जण होतो आणि म्होरक्याने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, ‘काय नाही, सरळ वाट आहे.’ खालचा भाग रानातला, छान गेला. वर झाडी विरळ झाली, गवत सुरू झालं आणि एका वळणावर वाट दोन पावलांची राहिली. उजवीकडे गवताचा उतार, आणि त्याच्या पुढे काहीच नाही. पुढची मुलं फोटो काढत उभी, मागून रांग ढकलतेय. मी खाली बसले. करवंदीची फांदी मुठीत धरली होती, काटा तळहातात गेलेला घरी पोचल्यावर कळला. मागून कुणी तरी ‘खाली बघू नका हो’ म्हणालं. हा सल्ला देणाऱ्याला एकदा विचारावंसं वाटतं, मग पाय कुठे ठेवायचा ते कोण बघणार?

सोडवलं ते गावातल्याच एका काकांनी. ते वाटाड्या म्हणून आले होते, पायात साध्या रबरी चपला. काही समजावलं नाही. ‘भियेनाका’ म्हणाले, दरीच्या बाजूला स्वतः उभे राहिले, काठीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, माझ्या टाचेकडे बघ. त्या टाचेवर वाळलेला तांबडा चिखल होता, मधोमध एक भेग. ती टाच मला आजही काढून दाखवता येईल. चाळीसेक पावलं असतील. नंतर लक्षात आलं की त्यांनी नेमकं तेच केलं जे डोळ्यांना हवं असतं: जवळ, ठळक, बघण्यासारखं काही तरी, हाताला टेकू, आणि दरी दुसऱ्याच्या अंगाआड.

तेव्हा वाघेरी वाईट म्हणून टाळू नका. तीस जणांची वाघेरी टाळा. सहा-सात ओळखीची माणसं, गावातला वाटाड्या आणि ‘इथून परत फिरू’ म्हटलं तर तोंड वाकडं न करणारा एक सोबती असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती करण्याजोगी आहे. मोसमाचं गणित इथे उलटसुलट आहे. पावसात चोर्ला घाटाकडचं धुकं दरी झाकून टाकतं, मन निवांत होतं, पण वाट निसरडी. ऑक्टोबरात गवत कमरेपर्यंत आणि वाटेची कड गवतात लपलेली, तो महिना मला सर्वांत धोक्याचा वाटतो. डिसेंबर-जानेवारीत कड स्पष्ट दिसते. भीती जास्त, धोका कमी. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि निवडायची वेळ आली तर मी भीती निवडते.

दूधसागराला कुळ्याहून रुळांवरून चालत जायचा बेत कुणी काढला तर विचारच करू नका. रुळांवरून चालायला बंदी आहे.

आपल्याला कितपत झेपतं हे आधी बघायचं असेल तर शापोऱ्याच्या किल्ल्यावर जा. थोडीशी चढण, वर ऐसपैस सपाट जागा. तटाकडे एकेक पाऊल पुढे जा, जिथे पोटात गोळा येतो तिथे थांबा, पाच मिनिटं तिथेच उभे राहा. पळून आलात तर भीती वाढते, थांबलात तर ती ओसरताना जाणवते. आणि एक, घरात पलंगावर पडल्या पडल्याही गरगरत असेल तर तो कड्याचा प्रश्न नाही. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, डोंगर नंतर.

पैसे भरण्याआधी म्होरक्याला फोन करून तीनच गोष्टी विचारा: उघड्या कडेची वाट किती लांब आहे, त्याच वाटेने परत यायचं का, आणि मी मध्येच थांबले तर माझ्याबरोबर कोण थांबणार. ‘मीच थांबेन, शेवटी एक माणूस असतोच’ असं म्हणाला तर जा. ‘अहो काय नाही, सगळे जातात’ म्हणाला तर त्या रविवारी चंद्रनाथला जा.