फोम, जाळी आणि केळीचा खुंट: आठ महिने वापरल्यावर

गेल्या दसऱ्याच्या आधी फुलं खोचायच्या हिरव्या फोमचा अख्खा बॉक्स आणला होता, २० विटांचा. आता जून लागलाय आणि त्यातल्या चार विटा अजून कपाटावर पडून आहेत. महिन्याभरात बॉक्स संपेल असा हिशोब धरला होता. तो कुठे फसला ते लिहिते, कारण या कामात नव्याने उतरलेल्या दोघी-तिघींनी मला हेच विचारलंय की फुलांच्या मोठ्या रचनेला आतून आधार कशाचा द्यायचा.

माझं काम लहानच आहे. नाशिकला गंगापूर रोडच्या लॉन्सवर साखरपुडे, रिसेप्शन, कधी बारसं. एंट्रीला दोन मोठ्या रचना आणि स्टेजच्या दोन अंगांना दोन. मोठी म्हणजे जमिनीपासून टोकापर्यंत साडेचार-पाच फूट. टेबलावरच्या बुकेत चुकलं तर एखादं फूल कलतं. इथे चुकलं तर सगळा स्टँड पाहुण्यांच्या अंगावर येतो.

खरं तर आपल्या फुलांना आधाराची गरजच नव्हती. गणेशवाडीच्या फूलबाजारात झेंडू-शेवंती किलोवर मिळते, देठ बोटभरही नसतो. ती ओवायची, माळ करायची, तोरण बांधायचं. प्रश्न आला तो लांब दांड्यांच्या फुलांबरोबर. मोहाडी-जानोरीकडचा पॉलिहाऊसचा गुलाब, ग्लॅडिओलस, लिली, निशिगंधाच्या काड्या. यांना उभं राहायला काहीतरी हवं आणि प्यायला पाणी हवं.

आधी फोमबद्दल. १९५४ साली अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी हा पाणी धरून ठेवणारा फोम बाजारात आणला. ओएसिस हे त्यांच्या मालाचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही हिरव्या विटेला ओएसिसच म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. मी आणलेल्या विटांवर कुणाचंच नाव नव्हतं. कोरडी वीट हातात घेतली तर काहीच वजन लागत नाही, आणि भिजली की जवळपास दोन किलो भरते.

भिजवण्याची रीत एकच. बादलीभर पाण्यावर वीट सोडायची आणि हात मागे बांधून उभं राहायचं. ती आपली आपण पाणी पीत खाली जाते, मिनिटभराचं काम. माझ्याकडे मदतीला येणाऱ्या पोराला तेवढा धीर नव्हता. तो तळव्याने दाबून वीट बुडवायचा. डिसेंबरातल्या एका रिसेप्शनला रात्री नऊच्या सुमारास स्टेजवरच्या गुलाबांनी माना टाकल्या, तेही थंडीत. सगळं आवरल्यावर वीट मोडून बघितली. बाहेरून दोन बोटं गर्द हिरवी, ओली, आणि मधोमध फिकट, भुसभुशीत, पिठासारखी. "ताई, ही पाणी प्यायलीच नाही," पोरगा म्हणाला. दाबली की आतली हवा आतच कोंडते, मग वरून तांब्याने कितीही ओता. एकदा वाळलेली वीटही पुन्हा नीट भिजत नाही, त्यामुळे "परवाची उरलीय, आज वापरू" हा मोह टाळायचा. खोचलेली दांडी उपसून परत त्याच भोकात घातली तर तळाशी पोकळी राहते आणि ते फूल पाण्यावाचून उभं असतं. मला दांडी तीनदा हलवायची खोड आहे, म्हणजे फोम माझ्या स्वभावाचा नाहीच म्हणायचा.

पण फोम मनातून उतरला तो जानेवारीत. दोन विटा शेजारी ठेवून त्यात पंचवीस ग्लॅडिओलस आणि वर लिली असा बेत होता. शेवटच्या चार काड्या खोचताना कर्र आवाज आला आणि एक वीट मधून दुभंगली, भोकं जवळजवळ पडलेली होती ना. वरात गेटाशी आलेली. हाताला लागली ती मांडववाल्याकडची कोंबड्यांच्या जाळीची पट्टी. ती विटांभोवती गुंडाळली, तारेने आवळली आणि रचना रात्रभर उभी राहिली. घरी येताना डोक्यात आलं, की धरून ठेवायचं काम जाळीनेच केलं असेल तर विटेचं काम काय उरलं? फक्त पाणी. आणि पाणी तर भांड्यातही राहतं.

तेव्हापासून जाळी. हार्डवेअरच्या दुकानात षटकोनी भोकांची मिळते. एक इंची आणू नका, ग्लॅडिओलसची दांडी अडते. दोन इंची घ्या. भांड्याच्या तोंडाच्या तिप्पट लांबीचा तुकडा कापायचा, कापलेली टोकं आत वळवायची (हातमोजे घाला, माझ्या अंगठ्यावर अजून वण आहे), आणि वळकटीसारखी सैल गुंडाळी करून भांड्यात बसवायची. चेंडू करून कोंबली तर दांडीला वाटच मिळत नाही. सैल राहिली की एकाच दांडीला वर, मधे आणि तळाशी अशी तीन ठिकाणी पकड मिळते. वरून तारेची फुली बांधायची, नाहीतर उचलताना अख्खी जाळी फुलांसकट वर येते. माझी आली होती.

आधी पानं लावायची, अरेका, ड्रेसिना, कामिनी. त्यांच्या दांड्या एकमेकींत अडकून जाळीच्या आत आणखी एक जाळी तयार होते. मग फुलं. पहिल्या दोन वेळेला माझे गुलाब पंख्यासारखे गरगरत होते, कारण मी पानांच्या आधी फुलं लावली होती.

आणि भांडं. इथे मला आजीचं पितळी घंगाळ कामी आलं. माळ्यावर उपडं पडलेलं होतं. त्यात बारा-तेरा लिटर पाणी बसतं, म्हणजे तळाला तेवढेच किलो, वर पितळेचं वजन वेगळं. लोखंडी नळीच्या स्टँडवर फोमचा ट्रे ठेवला की सगळा भार वर जातो आणि लॉन्सवर संध्याकाळी वारा सुटला की पोटात गोळा येतो. घंगाळ पाटावर ठेवलं की ते जागचं हलत नाही. पहिल्या दिवशी साध्या जाळीने आतून ओरखडे काढले, आईने दोन दिवस तोंड फिरवलं. आता हिरवा प्लॅस्टिकचा थर असलेली जाळी वापरते.

उंचीसाठी बांबूच्या काठीला पाणी भरलेल्या छोट्या नळ्या बांधते, त्यात आखूड दांड्याचं फूलही चार फुटांवर चढतं. बांधायला द्राक्षबागेची जुनी तार. दिंडोरीजवळ मामांनी बाग तोडली तेव्हा वेटोळंच उचलून आणलं. "अगं, लोक इथून द्राक्षं नेतात, तू तार नेतेस?" मामांना अजून हसू येतं. पण ती वाकवली तशी राहते.

जाळीचे त्रासही सांगते. घरी करून टेम्पोत घालता येत नाही, पाणी हिंदकळतं. जागेवर जाऊनच करावं लागतं, आणि फोमपेक्षा पाऊण तास जास्त धरा. जरबेऱ्याचा दांडा मऊ, तो जाळीत घसरतो, त्याला स्ट्रॉ किंवा तार लागतेच (फोममध्येही लागायची). पण मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकला तेव्हा फरक दिसला. घंगाळात तांब्याभर पाणी वाढवलं की झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं होती तशी होती, फक्त ग्लॅडिओलसची आडवी लावलेली टोकं वर वळली होती. ती नेहमीच वळतात, टेम्पोत आडवी नेली तरी.

केळीच्या खुंटाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मुद्दाम. सत्यनारायणाच्या पूजेला चौरंगाला बांधलेल्या खुंटात आपण उदबत्ती खोचतोच. तीच युक्ती. हातभर लांबीचा जाड तुकडा, पेचकसाने भोक पाडायचं, फूल खोचायचं. केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे झेंडू-शेवंतीसारखी फुलं एका दिवसाला मजेत राहतात. स्वस्त, जड, आणि काम झालं की खतात. दुसऱ्या दिवशी काळं पडतं, हे एक. दुसरं म्हणजे चीक. मार्चमध्ये भाड्याच्या पांढऱ्या सॅटिनवर थेंब पडले, ते डाग लिंबू, साबण, कशालाच हलले नाहीत. कापडाचे पैसे भरले. आता खाली गोणपाट घातल्याशिवाय खुंट उतरवत नाही.

केन्झान, म्हणजे जपानी पुष्परचनेतली पितळी टाचण्यांची शिशाची बैठक, वहिनीकडून आणून पाहिली. दीड फुटापर्यंत सुंदर. आपल्या कामाला नाही.

राहिला कचरा. घंटागाडीवरच्या दादांनी एकदा पिशवी उघडून विचारलं, "हा ओला की सुका?" वीट पाण्याने निथळत होती, पण ओल्या कचऱ्यात ती जात नाही, ते फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लॅस्टिक आहे, कुजत नाही, नुसता चुरा होतो. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात २०१९ साली अभ्यास झाला, त्यात हा चुरा पाण्यातले जीव खातात असं दिसलं. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोमला बंदी केली. मी तोवर ते हिरवं पाणी बिनधास्त मोरीत ओतत होते. आता जुन्या फडक्यातून गाळते. फोमला चिकटलेली फुलं निर्माल्यात तर अजिबात टाकू नका.

तरी त्या चार विटा मी टाकणार नाही. कमानीला आणि टांगत्या रचनेला भांडं कुठे लावणार? तिथे जाळीत गुंडाळलेली अर्धी वीट, एवढाच मार्ग मला सापडलाय.

एंट्रीला जोडी लागते आणि घंगाळ एकच, म्हणून परवा भांडी बाजारात गेले. नवं घंगाळ किलोवर, भाव ऐकून चहा मागवावा लागला. शेवटी दुकानदाराने मागून एक जुनं काढलं, एका अंगाला चांगलाच पोचा. "पाणी तापवायला चालेल," म्हणाले. फुलांसाठी हवंय म्हटल्यावर त्यांनी आणखी थोडे कमी केले. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला की ते डावीकडे ठेवणार आहे, पोचा भिंतीकडे करून.